राघूची खोली

२८ जुलै, रविवार

धाराशिवला जाऊन आले. माहेरचं घर पाडायचं नक्की झालं. सतीशनं बिल्डरला शब्द दिलाय. भिंती ओल धरतात, स्लॅब गळतो, माझ्या भावाचं चुकलं असं म्हणवत नाही. पितृपक्षाच्या आत घर मोकळं करायचं. बांधकाम होईतोवर भाड्याचा फ्लॅट. दुसरा मजला, लिफ्ट नाही. अण्णा, आमचे वडील, ब्याऐंशीचे, गुडघे गेलेले.

राघूला, अण्णांच्या जुन्या मोटारीला, फ्लॅटखाली जागा नाही. म्हणून सतीशनं पुण्याहून गिऱ्हाईक बोलावलेलं. तरुण माणूस, डोक्यावर गॉगल. शेडमध्ये शिरला, एक चक्कर मारली, बॉनेटवर बोटानं टकटक केलं. म्हणाला, "आतलं सगळं काढून इलेक्ट्रिक करून टाकू."

अण्णा म्हणाले, "तुमची मर्जी."

ऐन उमेदीत ज्यांनी ही दोन सीटची विलायती गाडी हैदराबादेहून स्वतः चालवत आणली, हिरवं अंग आणि लाल सीटा बघून तिला राघू म्हटलं, आख्ख्या कोर्टात ज्यांना 'राघूवाले वकील' म्हणत, ते म्हणतात तुमची मर्जी.

तोंडून निघूनच गेलं. "राघू मी नेणार. तुळजापूरला."

सतीश हसला. "ताई, ठेवशील कुठं? देवळात?"

परतीच्या एसटीत तोच विचार, ठेवणार कुठं?

२९ जुलै

नववीला भूमिती शिकवताना फळ्यावर आयत काढला आणि तिथंच थांबले. खालची खोली! गल्लीच्या अंगाला, चांगली लांबलचक. वर्षातून चार-सहा वेळा भक्तमंडळी आमच्याकडं उतरतात तेवढ्यापुरती उघडते, एरवी गोधड्यांची चळत. पोरं म्हणाली, "मॅडम, पुढं?"

नवरा, श्रीधर, देवळातली पूजेची पाळी करून आला तेव्हा सांगितलं. ताटावरून मान वर न करता म्हणाला, "माझी ना नाही. पण आईला तू सांगायचं."

३ ऑगस्ट

सांगितलं. सासूबाई (मी आत्या म्हणते) शेंगा फोडत होत्या. फोडायच्या थांबल्या.

"देवीच्या माणसांची खोली मोटारीला?"

"पुढचा अर्धा भाग फक्त, आत्या."

"इंडीची गंगाक्का पुनवेला येती. माझं लगीन झालं तवापासून येती. तिला काय सांगू? मोटारीच्या डिक्कीत नीज?"

विषय संपला. शेंगांचा आवाज आज जरा जास्तच.

११ ऑगस्ट, रविवार

अण्णा आले. न सांगता, एकटे, एसटीनं. काठी टेकत गल्ली चढून येईस्तोवर घामाघूम. मला वाटलं राघूसाठी आत्यांशी बोलायला आले. वकील माणूस, बाजू मांडतील.

खालच्या खोलीत उभे राहिले. भिंतीवर हात फिरवला. गोधड्या बघितल्या, कोनाड्यातला देवीचा फोटो बघितला. मग आत्यांना म्हणाले, "विहीणबाई, ही खोली मोडू नका. माणसाला एकदा ठिकाणाची सवय झाली की दुसरीकडं झोप लागत नाही."

चहा घेतला. दुपारच्या गाडीनं गेले. थांबा म्हटलं तर, "लेकीच्या घरी मुक्काम नको." नेहमीचंच.

रात्री जेवताना आत्या एकदम म्हणाल्या, "तुझे वडील मोटारीचं बोललेच न्हाईत."

"मग?"

"सवताचं बोलले. जागा मागाया आले आन् न मागता गेले." मला भाकरी वाढली. "मागचा अर्धा भाग तसाच ऱ्हाईल. मधी भिंत पायजे. पेट्रोलचा वास माज्या देवघरात आला तर मोटार गल्लीत. आन् पितर बसायच्या आत आणायची, न्हायतर पुढं नवरात्र. गल्लीत पाय ठिवाया जागा नसती."

श्रीधर माझ्याकडं बघून नुसता हसला. मी उठून आत्यांच्या पाया पडले. "भाकरी खा आधी," म्हणाल्या.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन उरकून आले तर महिबूब मिस्त्री दारात. खोली बघितली, गल्ली बघितली, मला बघितलं.

"मॅडम, गाडी उडती क्या?"

अडचण खरी आहे. खोलीचा चौथरा गल्लीपासून गुडघाभर उंच. राघूचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर. बाहेर उतार काढावा तर गल्ली आधीच अरुंद, समोरच्यांचं दार, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट. बाहेर एक टोपली सिमेंट टाकता येणार नाही.

म्हणजे उतार आत. जमीन खोदून.

मिस्त्री म्हणाले, "होतंय की. पर पेट घासेल. लिखके देता."

१९ ऑगस्ट, राखी

धाराशिव. सतीशला राखी बांधली. "ताई, ओवाळणी काय देऊ?" म्हणाला. म्हटलं, टेप धर.

शेडमध्ये राघूच्या बाजूला जुनं बेडशीट टाकून पालथी पडले. अंगात राखीची नवी साडी! पुढचं चाक ते मागचं चाक, पोटाचा सगळ्यात खालचा भाग, नाकाची उंची, सायलेन्सरची लोंबणारी नळी. मी आकडे ओरडतेय, सतीश लिहितोय. अण्णा बॅटरी धरून उभे. मधेच म्हणाले, "ती नळी मोज नीट. येडशीच्या रस्त्यावर एकदा तूच वाकवली होतीस."

अठरा वर्षांची होते. रामलिंगच्या वळणावर त्यांनी मला स्टीअरिंग दिलं होतं. त्यांना अजून आठवतंय.

निघताना सतीश हळूच म्हणाला, "पुण्याच्याला नाही कळवलंय. तू खरंच करतेयस म्हटल्यावर..." वाक्य पुरं केलं नाही. बसस्टँडपर्यंत सोडायला मात्र आला.

२२ ऑगस्ट

प्लायवुडचा राघू तयार! बाजूनं दिसेल तसा कापला, पोट हुबेहूब, खाली सुताराकडून दोन लाकडी चाकं ठोकून घेतली. हा ज्या उतारावरून न घासता जाईल, त्यावरून खरा पण जाणार. स्टाफरूममध्ये ठेवला तर शिपाई विचारतो, "स्नेहसंमेलनाचं का?"

मिस्त्रींनी फिरवून फिरवून बघितला. "ये अच्छा है. ये बोलता नै."

२५ ऑगस्ट

भिंत फुटली. आधी वर लोखंडी तुळई टेकवली, मग घण. पहिला घाव मला घालायला लावला. फार जोराचा नव्हता पण पोपडा निघाला. दिवसभर धूळ. आत्यांनी तोंडाला पदर लावून गोधड्या उचलून वर नेल्या, एकाही गड्याला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी खोलीत पहिल्यांदा पश्चिमेचा उजेड. भिंत नव्हतीच कधी असं वाटावं इतका.

२८ ऑगस्ट

जमिनीखाली काळा खडक. ब्रेकर आणला. गल्लीतल्या सगळ्या भांड्यांची थरथर. समोरच्या काकू म्हणाल्या, "वैशाली, विहीर काढतेस का गं?"

३ सप्टेंबर

काल पोळा, गडी आले नाहीत. आज उताराचं काँक्रीट पडलं. नालीवर मजबूत लोखंडी जाळी. मधली भिंत आधीच उभी राहिली, तिला एक खिडकी ठेवली. का ठेवली, असं श्रीधरनं विचारलं. म्हटलं, हवा यायला.

८ सप्टेंबर

वाईट दिवस.

प्लायवुडचा राघू उतारावरून ढकलला. पुढचं चाक वर गेलं, सपाटीला लागलं, आणि खाड. पोट टेकलं. पुढचं चाक अधांतरी, मागचं अधांतरी. उतार जिथं संपतो तिथंच कोपरा राहिलाय. कागदावर दोन सरळ रेषा काढल्या होत्या मी, तशाच त्यांनी उतरवल्या. तिथं वळण पाहिजे होतं, उंटाच्या पाठीसारखं.

"फोडावं लागेल," मी म्हटलं.

मिस्त्रींनी थापी बादलीत टाकली. "पाच दिन का काम और आज तोडू? गणपतीत?" सायकल काढली, गेले.

पितर अठराला बसतात.

श्रीधर देवळातून आला. शेजारी उतारावर बसला. म्हणाला, "नाही जमलं तर नाही जमलं, वैशू." मी म्हटलं, जमणार. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

१० सप्टेंबर

सकाळी घणाचा आवाज. खाली पळाले. मिस्त्री एकटेच फोडतायत.

"घर में बीवी को बताया," म्हणाले. "बोली, गाडी लटकेगी तो सारा गाव बोलेगा मिस्त्री किसका था."

आत्यांनी त्यांना गणपतीच्या नैवेद्याचे मोदक दिले. चार खाऊन परत घण.

शाळेतून आले ते चपला काढून थेट सिमेंटात. ओल्या काँक्रीटवर फळ्या टाकून प्लायवुडचा राघू पुढं-मागं, पुढं-मागं. जिथं टेकेल तिथं मिस्त्री थापीनं खरवडायचे, मी म्हणायचे अजून, ते म्हणायचे बस. भांडत भांडत उंटाची पाठ झाली.

१४ सप्टेंबर

गेला!!!

वाळल्यावर आज ढकलला. सरसर वर, पाठीवरून अलगद पलीकडं. पोटाखाली माझी बोटं आडवी सरकतील एवढी फट. मिस्त्री ओरडले, मी ओरडले, समोरच्या काकू काय झालं म्हणून पळत आल्या.

आत्या जिन्यात उभ्या होत्या. "लाकडाची गेली. लोखंडाची जाईल का?"

जाणार, आत्या.

१६ सप्टेंबर

शटर बसलं. आत पांढरा चुना, खाली गडद लाल रंग. कोनाड्यातला देवीचा फोटो मागच्या भागात हलवला. तिथं खाट, गोधड्या, पंखा. आत्यांनी खाटेवर नवी सतरंजी घातली. पुनवेला अजून महिना आहे.

१७ सप्टेंबर

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि मी शाळेतून थेट धाराशिवच्या एसटीत. घरासमोर टेम्पोत सामान भरणं चाललेलं, आजच फ्लॅटवर जायचं त्यांचं. अण्णा मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेडच्या दारात. मेकॅनिक ब्रेक बघून गेला होता, बॅटरी नवी. सतीशनं राघू पुसून ठेवला होता. हो, सतीशनं! चाकांच्या तारा सुद्धा एकेक.

अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली. "चालव."

"तुम्ही चालवा ना अण्णा. निदान गावाबाहेरपर्यंत."

"मला लांबचं नीट दिसत नाही आता." असं ते पहिल्यांदाच कुणासमोर बोलले. मग डाव्या सीटवर बसले, सतीशनं त्यांचे पाय उचलून आत ठेवले, काठी मागं खोचली.

पहिल्या वेळी फुरफुरला, बंद. दुसऱ्या वेळी चालू! तोच आवाज, थोडा घोगरा, पोटातून येणारा. वहिनीनं घरातून पळत येऊन दहीसाखर हातावर ठेवली. शेडमधून बाहेर निघताना मागं बघितलं नाही. अण्णांनी बघितलं.

हायवे. छत उघडं. डोक्याला ओढणी बांधलेली, तरी केस तोंडात. ट्रकवाले हॉर्न देतायत, एसटीच्या खिडकीतून माणसं अर्धी बाहेर. मोटारसायकलवर दोघं कितीतरी वेळ शेजारून चालले. "काका, कोणती गाडी?" अण्णा ओरडले, "राघू!" त्यांना काय कळलं कोण जाणे, अंगठा दाखवून पुढं गेले. सतीश मागं मोटारसायकलवर, पेट्रोलचा कॅन बांधून. आरशात त्याचा हसरा चेहरा दिसायचा.

"तिसऱ्यात टाक," अण्णा म्हणाले. टाकलं. "आता सोड त्याला." सोडला. अण्णांनी डोळे मिटले. झोपले असं वाटलं, पण बोटं मांडीवर इंजिनाच्या तालात हलत होती.

तुळजापुरात शिरलो तर विसर्जनाची गर्दी. गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा ट्रॅक्टर, ढोल, गुलाल. आडवाच. राघू तापायला लागला, काटा वर चढतोय. मी घामाघूम. एकानं वाकून बघितलं. "अरे, मॅडम हायत!" माझाच जुना विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. "मॅडमला वाट द्या रे!" ट्रॅक्टर मागं घेतला, आणि मग काय, ढोलवाले राघूच्या पुढं! आम्ही ढोलाच्या मागं पायी चालायच्या वेगानं. अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर गुलाल. त्यांनी तो झटकला नाही. उलट हात वर केला, कोर्टातून केस जिंकून बाहेर येताना करत तसा.

दारात आत्या भाकरतुकडा घेऊन उभ्या. राघूवरून ओवाळला, अण्णांवरून ओवाळला, माझ्यावरून ओवाळला, लांब टाकून दिला. मिस्त्री उताराशेजारी गुडघ्यावर, गाल जमिनीला टेकवलेला. श्रीधर आत उभा राहून हातानं बोलावतोय.

पहिला गिअर. नालीची जाळी खडखडली. नाक वर. आभाळ दिसलं फक्त. मग नाक खाली, पाठ ओलांडली. मी कान लावून, आता खर्र होणार, आता...

"पास!" मिस्त्री खालून ओरडले. "पास, मॅडम, पास!"

इंजिन बंद केलं. बाहेर ढोल अजून चालूच. अण्णांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

१८ सप्टेंबर

अण्णा काल थांबले. उशीर झाला, म्हणाले. मागच्या खोलीत झोपले. खिडकीतून राघू दिसतो. आज जाणार होते, पण कार्ब्युरेटर आवाज करतोय. मला तर कुठलाच आवाज येत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आत्या सकाळीच तयार. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन गच्च बांधलेला.

"आत्या, पितृपक्ष आहे."

"मोटार काय नवी हाय व्हय? तुज्यापरीस म्हातारी हाय."

नळदुर्ग रस्त्यानं लांबवर जाऊन आलो. जाताना देवीचं नाव घेत होत्या. येताना, "पुढच्या जीपला मागं टाक गं!" टाकली. इतक्या वर्षांत त्यांना असं खदखदून हसताना मी बघितलं नव्हतं.

अण्णा अजून आहेत. कार्ब्युरेटर खोलून गोधडीवर मांडलाय.

२९ सप्टेंबर

सतीश न्यायला आला. फ्लॅट लावून झाला, अण्णांचा पलंग खिडकीपाशी ठेवलाय. अण्णा म्हणाले, "नवरात्र होऊ दे. आता गर्दीत कुठं निघायचं." सतीश जिन्यात मला म्हणाला, "ताई, लोक मला नावं ठेवतील गं. पण तिथं चार पायऱ्या चढले की बसतात ते." डोळे भरलेले. मी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

१७ ऑक्टोबर, पुनव

दसऱ्यापासून घर नुसतं भरलेलं. आज पहाटे इंडीची मंडळी चालत आली. गंगाक्का, तिची मुलं, सुना. अण्णांनी आधीच आपली खाट मधल्या भिंतीपलीकडं, राघूशेजारी ओढून घेतली होती. मागची खोली रिकामी, झाडलेली.

गंगाक्का शटरपाशी थबकली. राघूकडं बघत राहिली. "एष्ट छंद ऐति!" म्हणाली, कानडीत, किती छान आहे म्हणून, आणि उभ्या उभ्याच कपाळाचं कुंकू बोटानं काढून राघूच्या नाकाला लावलं. आत्या माझ्याकडं बघायचं टाळत होत्या. मग गंगाक्का अण्णांना मोडक्या मराठीत, "तुमी इथंच ऱ्हाता?"

अण्णा जरा अडखळले. "सध्या."

२० ऑक्टोबर, रविवार

मंडळी गेली. सतीशचा फोन, दिवाळीला अण्णांना न्यायला येतो. अण्णा म्हणाले, "बघू."

दुपारी पेपर तपासत होते, खाली टेपचा खर्रर्र आवाज. जाऊन बघते तर मिस्त्री मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मापं घेतायत. मी बोलावलं नव्हतं. श्रीधरनं पण नाही.

"आत्या, काय चाललंय?"

"संडास बांधायचाय हितं. खुर्चीवानी असतो त्यो."

अण्णा खाटेवर बसून कापडानं स्पॅनर पुसत होते. पुसणं थांबलं. "कुणासाठी, विहीणबाई?"

"माज्यासाठी. माजे गुडघे दुखत्यात." पदर खोचून ताडताड जिना चढून गेल्या सुद्धा.

मी अण्णांकडं बघितलं नाही. मिस्त्री भिंतीवर खडूनं दाराची चौकट काढत होते. मग अण्णा काठी टेकत उठले, त्या चौकटीपाशी जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "मिस्त्री, दार बाहेरच्या अंगाला उघडेल असं बसवा. आतल्या माणसाला अडचण व्हायला नको."